डायझेपाम दिलेला रॅट झोपलाय की नुसता पडून आहे?

प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही औषधशास्त्राचे पदव्युत्तर विद्यार्थी आहात. ईईजीचे (मेंदूच्या विद्युत लहरी टिपणारे) इलेक्ट्रोड बसवलेल्या रॅटना सकाळी दहा वाजता डायझेपाम या गुंगी आणणाऱ्या औषधाचे इंजेक्शन दिले, दुसऱ्या गटाला सलाइन (मिठाचे पाणी). डायझेपामचे रॅट शांत पडून राहिले आणि झोपेच्या अवस्था ठरवणाऱ्या स्कोअरिंगच्या सॉफ्टवेअरने नॉन-रेम झोप (संथ लहरींची, स्वप्नांच्या रेम झोपेहून वेगळी) वाढल्याचे सांगितले. पण त्याच झोपेतली डेल्टा पॉवर, म्हणजे सगळ्यात संथ लहरींचा जोर, सलाइनच्या गटापेक्षा कमी आली, रेमही घटली. गाइडचे म्हणणे असे की डोस कमी पडला, वाढवून बघा. वाढवू का, हा तुमचा प्रश्न.

नका वाढवू. डोस वाढवलात तर प्राणी आणखी निपचित पडतील, डेल्टा आणखी खाली जाईल आणि गोंधळ आहे तिथेच राहील. तुम्हाला जे विसंगत वाटतेय ते बेन्झोडायझेपिनचे, म्हणजे डायझेपामच्या वर्गातल्या औषधांचे, नेहमीचेच वागणे आहे. माणसातही हेच दिसते: या गोळ्यांनी झोपेचे एकूण तास वाढतात, पण ईईजीवरच्या मोठ्या संथ लहरी कमी होतात, 10 ते 15 हर्ट्झच्या पट्ट्यातल्या स्पिंडल (झोपेतल्या लहरींचे छोटे झुपके) आणि त्यावरच्या जलद लहरी वाढतात, रेम मागे पडते. म्हणजे तुमचे औषध पोचले आहे आणि काम करते आहे.

खरी अडचण दुसरीकडे आहे. साध्या, औषधाविना लागलेल्या झोपेत बऱ्याच गोष्टी एकदम येतात: हालचाल थांबते, स्नायू सैल पडतात, मेंदूच्या लहरी संथ होतात, आवाज केला की जाग येते आणि पुरेसे झोपून झाले की झोपेची गरज कमी होते. यातली एक मोजली की बाकीच्या गृहीत धरता येतात, आणि आपले स्कोअरिंगचे सगळे नियम याच गृहीतकावर उभे आहेत. गुंगी आणणारे औषध ही मोळी सोडवते. काही गोष्टी होतात, काही अर्धवट होतात, काही उलट्या. तेव्हा ‘झोप वाढली का’ हा एकच प्रश्न विचारून चालत नाही, त्याचे तुकडे करावे लागतात.

एक आधी सांगतो. रॅटची जात, वय, नर की मादी, शस्त्रक्रियेनंतर किती दिवसांनी रेकॉर्डिंग केले, डोस किती, औषध कशात विरघळवले, दिवे किती वाजता लागतात, यातले काहीच तुम्ही लिहिलेले नाही. त्यातल्या कशानेही माझे उत्तर थोडेफार हलू शकते. तरी मूळ मुद्दा हलणार नाही.

पहिली गोष्ट, संगणकासमोरून उठा आणि व्हिडिओ बघा. व्हिडिओ घेतला नसेल तर पुढच्या वेळी पिंजऱ्यासमोर बसा. झोपलेला रॅट कोपऱ्यात, स्वतः ओढून आणलेल्या भुशात, नाक पोटाखाली खुपसून गोळा होऊन पडतो. मधेच उठतो, अंग चाटतो, कूस बदलतो, परत झोपतो, कारण रॅटची झोप सलग नसते, मिनिटा-मिनिटांच्या तुकड्यांची असते. रेम लागली की मिशा आणि कान थरथरतात. गुंगीतला रॅट असा नसतो. तो जिथे हालचाल थांबली तिथेच, बऱ्याचदा पिंजऱ्याच्या मधोमध, पोट जमिनीला टेकवून आणि मागचे पाय फाकवून पडलेला दिसतो, डोळे अर्धे उघडे. पिंजऱ्यावर नखाने हलकी टिचकी मारा. झोपलेला रॅट डोके उचलतो, मिशा पुढे करून हुंगतो आणि चालू लागलाच तर सरळ चालतो. डायझेपामच्या अमलाखालचा रॅटही डोके उचलेल, पण त्याचे मागचे पाय मागे राहतील, चालताना तो एका बाजूला झुकेल. कमी डोसला हा फरक पुसट असतो, जास्त डोसला ढळढळीत. आमच्या लॅबमध्ये नवीन आलेल्या मुलांना मी आधी हेच बघायला बसवतो, ईईजी नंतर.

आता सॉफ्टवेअर. तुमच्या प्रकरणात सगळ्यात जास्त संशय मला त्याचाच आहे. असे प्रोग्रॅम साधारणपणे दोन-तीन आकड्यांवर चालतात: डेल्टा किती, थिटा (रेममध्ये ठळक दिसणाऱ्या, डेल्टाहून जलद लहरी) आणि डेल्टाचे गुणोत्तर किती, मानेच्या स्नायूचा ईएमजी (स्नायूतली विद्युत हालचाल) किती. उंबरठे ठरलेले असतात ते औषध न दिलेल्या प्राण्यांवरून. डायझेपाम हे तिन्ही आकडे बिघडवते. ते स्नायू सैल करणारे औषध आहे, त्यामुळे जागा पण स्वस्थ बसलेल्या रॅटचा ईएमजीही खाली येतो आणि प्रोग्रॅमला तो झोपलेला वाटतो. जागेपणीच्या ईईजीतही जलद लहरी वाढतात, त्यामुळे पॉवरच्या टक्केवारीवर चालणारे गणित डगमगते. मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागातल्या थिटा लहरींचा वेगही थोडा कमी होतो, आणि रेम ओळखायला तुम्ही थिटाचा अरुंद पट्टा दिला असेल तर काही रेम नुसती निसटूनच जाते. घटलेल्या रेमपैकी खरी किती आणि निसटलेली किती, हे आज तुम्हाला सांगता येणार नाही.

यावर उपाय कंटाळवाणा आहे, पण दुसरा नाही. इंजेक्शननंतरच्या पहिल्या काही तासांचे इपॉक (रेकॉर्डिंगचे छोटे तुकडे) हाताने स्कोअर करा, दहा सेकंदांचे असोत की चार सेकंदांचे. स्कोअर करणाऱ्याला कुठला प्राणी कुठल्या गटातला हे माहीत नसावे. खरे तर डायझेपामच्या जलद लहरी अनुभवी डोळ्याला लगेच ओळखू येतात, त्यामुळे हे आंधळेपण पूर्ण टिकत नाही. म्हणून दोघांनी वेगवेगळे स्कोअर करून जुळवून बघणे बरे. आणि ‘स्वस्थ पण जागा’ असा वेगळा रकाना ठेवा. सॉफ्टवेअरने दाखवलेल्या नॉन-रेमपैकी बरीचशी त्या रकान्यात गेली तर मला नवल वाटणार नाही.

डेल्टाबद्दल जरा थांबून बोलू, कारण गाइडचा निष्कर्ष त्यावरच उभा आहे. अलेक्झांडर बोर्बेली यांनी 1982 मध्ये झोपेचे दोन प्रक्रियांचे प्रारूप मांडले, तेव्हापासून नॉन-रेममधली डेल्टा पॉवर ही झोपेच्या ‘थकबाकी’ची खूण मानली जाते. रॅटला काही तास जागे ठेवले की नंतरच्या झोपेत डेल्टा चढते आणि झोप होत जाते तशी उतरते. हे पक्के आहे, पण औषधाविना. बेन्झोडायझेपिन मेंदूतल्या गाबा-ए रिसेप्टरवर बसते आणि गाबाचा, म्हणजे चेतापेशींना शांत करणाऱ्या रसायनाचा, परिणाम वाढवते. थॅलॅमस (मेंदूचा आतला भाग) आणि कॉर्टेक्स (वरचा थर) यांच्यातले जे जाळे या लहरी तयार करते, त्यातही हे रिसेप्टर ठासून भरलेले आहेत. लहरी तयार करणारे यंत्रच औषधाने बदलले, तर लहरीच्या उंचीवरून झोपेची खोली वाचता येत नाही. तुमच्या रॅटची झोप ‘उथळ झाली’ असेही प्रबंधात लिहू नका आणि ‘डोस अपुरा’ असेही लिहू नका. डायझेपामखाली डेल्टा घटली, एवढेच तुम्ही पाहिले आहे.

याचा सगळ्यात सुंदर पुरावा माइसवरच्या (रॅटहून लहान उंदरांवरच्या) एका कामात आहे. गाबा-ए रिसेप्टरच्या अल्फा-1 उपघटकात 101 क्रमांकाच्या जागी असलेले हिस्टिडीन हे अमिनो आम्ल बदलून आर्जिनीन घातले, की तिथे डायझेपाम बसत नाही, गाबा मात्र नेहमीसारखे काम करते. 1999 मध्ये झुरिकच्या गटाने असे माइस तयार केले. त्यांना डायझेपाम दिले तर नेहमीसारखी गुंगी येत नाही, ते हिंडत-फिरत राहतात. मग त्यांची झोप तपासली. डेल्टा घटलेली, जलद लहरी वाढलेल्या, रेम कमी, म्हणजे सगळे साध्या माइससारखेच! पुढे 2004 मध्ये अल्फा-2 मध्ये तोच बदल केलेल्या माइसवर काम झाले, तर त्यांच्यात डायझेपामचा ईईजीवरचा ठसा बराच फिका पडला. म्हणजे प्राण्याला निपचित पाडणारे रिसेप्टर वेगळे आणि झोपेतल्या ईईजीचा रंग बदलणारे बहुतांशी वेगळे. एकाच औषधाचे हे दोन परिणाम एकमेकांचे माप म्हणून वापरता येत नाहीत, आणि गाइडना पटवायचे असेल तर हाच मुद्दा पुढे करा.

आणि हे फक्त बेन्झोडायझेपिनचे नाही. 1952 मध्ये अब्राहम विकलर यांनी कुत्र्यांना ॲट्रोपिन दिले. ईईजीवर झोपेसारख्या मोठ्या संथ लहरी, आणि कुत्रा मात्र जागा, अस्वस्थ, हालचाल करणारा. नुसत्या ईईजीवरून झोप ठरवू नये हा धडा तेव्हापासूनचा आहे, तरी दर पिढीला तो नव्याने शिकवावा लागतो. उलट्या टोकाला गॅमा-ब्युटिरोलॅक्टोन आहे. शरीरात गेल्यावर त्याचे जीएचबी होते आणि ईईजी संथ, उंच लहरींनी भरून जातो, पण रॅटमध्ये ते ॲब्सेन्स प्रकारच्या (क्षणभर भान हरपण्याच्या) झटक्यांचे प्रारूप म्हणून वापरतात. डेल्टा भरपूर, झोप नाही. गॅबोक्सॅडॉल गाबा-ए रिसेप्टरवरच काम करते, पण सायनॅप्सच्या (चेतापेशींच्या सांध्यांच्या) बाहेरच्या, डेल्टा उपघटक (हा रिसेप्टरचा भाग, डेल्टा लहरी नव्हे) असलेल्या रिसेप्टरवर, आणि त्याने संथ लहरी वाढतात. कुटुंब तेच, ठसा उलटा.

तुलनेसाठी आणखी दोन औषधे सांगतो, म्हणजे डायझेपाम कुठे बसते ते दिसेल. डेक्समेडेटोमिडीन हे गुंगीचे औषध मेंदूच्या देठातल्या लोकस सेरुलियसमधल्या अल्फा-2 ॲड्रेनर्जिक रिसेप्टरवर (वरचा गाबा-ए चा अल्फा-2 नव्हे) काम करून जागे ठेवणाऱ्या नॉरॲड्रेनॅलिनचा पुरवठा तोडते. त्याखालचा ईईजी नॉन-रेमच्या बराच जवळ जातो आणि बेताच्या डोसला जोरात आवाज केला तर प्राणी जागा होतो, म्हणून बरेच जण त्याला नैसर्गिक झोपेसारखे म्हणतात. पण रेम तिथेही दाबली जाते. शिवाय माइसचे शरीराचे तापमान त्याने चांगलेच घसरते, आणि थंड पडलेल्या मेंदूच्या लहरी तशाही संथ होतात. तापमान न मोजता केलेल्या अशा कामावर माझा विश्वास बसत नाही.

ऑरेक्सिन (मेंदूतले जागे ठेवणारे रसायन) रोखणारी औषधे वेगळ्या वाटेने जातात. ती झोप लादत नाहीत, जागेपणाचा टेकू काढून घेतात. 1999 मध्ये वारशाने नार्कोलेप्सी (अवेळी, अचानक झोप येण्याचा आजार) आलेल्या डोबरमन आणि लॅब्रेडॉर कुत्र्यांत ऑरेक्सिनच्या दुसऱ्या रिसेप्टरचे जनुक बिघडलेले सापडले, तिथून ही कल्पना पुढे गेली. 2007 मध्ये अल्मोरेक्संट या औषधाचे रॅट, कुत्रे आणि माणूस अशा तिघांवरचे निष्कर्ष एकत्र आले, आणि याच वर्गातल्या सुवोरेक्संटला 2014 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. या औषधांखाली रेम घटत नाही, बऱ्याचदा वाढते, आणि उठवलेला प्राणी फारसा लडखडत नाही. तुमच्या प्रयोगात परवडत असेल तर तिसरा गट याच वर्गातला घ्या. मग डायझेपामचा ठसा आपोआप उठून दिसेल.

वेळेबद्दल थोडक्यात. रॅट निशाचर आहे. दिवे सकाळी लागत असतील तर दहा वाजता तो तसाही झोपलेलाच असतो आणि झोप वाढायला जागाच उरत नाही. झोप आणणारा गुण दाखवायचा असेल तर दिवे मालवण्याच्या सुमारास, म्हणजे तो जागा व्हायच्या वेळी औषध द्या. नाहीतर नर रॅटला दुसऱ्या नराच्या मळलेल्या पिंजऱ्यात ठेवून झोप उडवण्याची पद्धत आहे, ती वापरा. निद्रानाशाच्या जवळ जाणारे ते प्रारूप आहे. प्राण्याची जात काय हेही विसरू नका. हॅमस्टरला ट्रायझोलाम हे बेन्झोडायझेपिन दिले तर तो झोपण्याऐवजी धावत सुटतो आणि त्याचे जैविक घड्याळ सरकते. 1980च्या दशकात आधी घड्याळ सरकल्याचे दिसले, मग कळले की हॅमस्टरला हलूच दिले नाही तर ते सरकत नाही. गुंगीचे औषध, आणि परिणाम धावपळीमुळे!

आणखी एक चूक फार सर्रास होते: 24 तासांची बेरीज करणे. माणसात डायझेपामचा अर्धायुकाल साधारण 20 ते 50 तास असतो, रॅटचे यकृत ते कितीतरी लवकर, तासा-दोन तासांत निम्म्यावर आणते. पहिल्या दोन-तीन तासांत एक चित्र असते आणि पुढे उलटे, जागेपण वाढलेले, दाबलेली रेम वसूल होत असलेली. बेरजेत दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. तासातासाचे आकडे काढा. पुढच्या अंधाराच्या वेळेचे रेकॉर्डिंग केले असेल तर तेही जरूर बघा, कारण ‘जाग’ हा झोप-जाग या तुमच्या विषयाचा अर्धा भाग आहे आणि तो तिथेच सापडतो. रोज डोस देणार असाल तर काही दिवसांत गुंगी ओसरते आणि औषध बंद केल्यावर झोप तुटक होते, हेही धरून चला.

तुलनेच्या गटाबद्दल मात्र मी कडक आहे. डायझेपाम पाण्यात विरघळत नाही. बाजारातल्या ॲम्प्यूलमध्ये ते प्रोपिलीन ग्लायकॉल आणि अल्कोहोलमध्ये असते. तुम्ही ॲम्प्यूल वापरली असेल तर एका गटाला डायझेपाम अधिक अल्कोहोल अधिक ग्लायकॉल, आणि दुसऱ्याला नुसते मिठाचे पाणी, अशी ती तुलना झाली. अल्कोहोल स्वतःच गुंगी आणते. तुलनेच्या गटाला तेच द्रावण द्या, फक्त डायझेपाम वगळून. त्याशिवाय पकडणे आणि सुई टोचणे यानेच रॅट अर्धा-पाऊण तास टक्क जागा राहू शकतो. म्हणून प्रयोगाच्या आधी काही दिवस त्यांना रोज हातात घेऊन आणि लटके इंजेक्शन देऊन सवय लावतात. एकाच प्राण्याला एकदा औषध आणि एकदा नुसते द्रावण, मध्ये पुरेशी सुट्टी, अशी मांडणी केलीत तर कमी प्राण्यांत काम होते. आणि एका गटाला आधी फ्लुमाझेनिल (बेन्झोडायझेपिनचा परिणाम रोखणारे औषध) दिलेत, तर जो परिणाम पुसला जाईल तो बेन्झोडायझेपिनच्या जागेतून आलेला, उरेल तो कशाचा ते शोधा.

जाता जाता, तुमच्या विभागात कोणी वनस्पतींच्या अर्कांवर ‘पेंटोबार्बिटॉल स्लीपिंग टाइम’ करत असेल तर त्यांनाही सांगा. उताणा केलेला माउस पुन्हा पायांवर वळेपर्यंतचा वेळ मोजतात, ती भूल आहे. तो वेळ मेंदूइतकाच यकृतावर अवलंबून असतो. अर्काने यकृतातले एन्झाइम रोखले, की मेंदूवर काहीही परिणाम नसताना वेळ वाढतो. याच्या उलटही होते: 1967 मध्ये दाखवले गेले की पिंजऱ्यात लाल सीडरच्या लाकडाचा भुसा घातला तर यकृतातले एन्झाइम वाढतात आणि हेक्झोबार्बिटॉलची भूल लवकर उतरते. मादी रॅट याच औषधाने नरापेक्षा जास्त वेळ पडून राहते, तेही यकृतामुळेच. भुसा बदलला तर तारीख वहीत लिहून ठेवा, हा सल्ला ऐकून मुले हसतात.

आता कोणी विचारेल, औषधाने आणलेली ही अवस्था प्राण्याला झोपेसारखी उपयोगी पडते का? याचे उत्तर औषधागणिक बदलते. रॅटना आधी 24 तास जागे ठेवून मग प्रोपोफॉलच्या भुलीत ठेवले, तर नंतरची त्यांची झोप साध्या झोपेतून उठलेल्या रॅटसारखीच दिसली, थकबाकी भुलीतच फिटलेली दिसली. सेव्होफ्लुरेनसारख्या वायूखाली नॉन-रेमची फिटते, रेमची राहते. डायझेपामसाठी तुम्हाला हे स्वतः तपासता येईल: सहा तास हळुवार हाताळणीने जागे ठेवा, मग औषध, आणि औषध उतरल्यानंतरच्या झोपेतली डेल्टा बघा. औषधाच्या अमलातली डेल्टा नव्हे, ती वाचता येत नाही हे वर आलेच. दोन्ही गटांची उतरल्यानंतरची डेल्टा सारखी आली तर मधल्या तासांनी काम केले.

तेव्हा सध्या करायचे ते एवढेच. आहे तेच रेकॉर्डिंग काढा, पहिले सहा तास हाताने स्कोअर करा, तासातासाचा आलेख काढा, एका आलेखात अवस्थांचे वेळ आणि दुसऱ्यात पूर्ण पॉवर स्पेक्ट्रम (प्रत्येक वेगाच्या लहरींचा जोर), 0.5 पासून 30 हर्ट्झपर्यंत, नुसता डेल्टाचा आकडा नको. मग योग्य द्रावणाचा तुलनेचा गट घेऊन, दिवे मालवण्याच्या वेळी, आत्ताच्याच डोसवर एक फेरी करा. हे दोन आलेख समोर ठेवल्यावर गाइड डोसचा विषय काढतील असे वाटत नाही. काढलाच तर वाढवायच्या आधी निम्म्या डोसची एक फेरी मागून घ्या. गुंगी आणि ईईजीचा ठसा वेगवेगळ्या डोसला सुरू होतात का, ते खालच्या बाजूलाच कळते, आणि प्राण्यांवरील प्रयोगांच्या नीतिसमितीपुढे कमी डोसचा अर्ज मंजूर करून घेणे वाढीव डोसपेक्षा सोपे जाते.